कुलूप मालाला, सानुग्रह माणसाला

१८ मे २०२५ च्या रविवारी पहाटे पावणेचारच्या सुमारास सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टॉवेल विणणाऱ्या सेंट्रल टेक्सटाइल मिल्स या कारखान्यात आग लागली. आठ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चार कामगार होते, कारखान्याचे वृद्ध मालक होते, त्यांच्या कुटुंबातील तीन माणसे होती आणि त्या तिघांत एक दीड वर्षाचे मूल होते. पंतप्रधानांच्या मदत निधीतून प्रत्येक मृताच्या वारसाला दोन लाख रुपये जाहीर झाले, राज्य सरकारनेही मदत जाहीर केली, मंत्र्यांनी शोक व्यक्त केला, चौकशीचे आदेश निघाले. या देशातील प्रत्येक आगीनंतर जे होते ते सर्व यथासांग पार पडले.

मदत जाहीर झाली याबद्दल कोणी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न त्या मदतीच्या नावाचा आहे. तिला ‘सानुग्रह’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. कृपा करणाऱ्याने ती केली नाही तरी त्याला जाब विचारता येत नाही आणि ती घेणाऱ्याला ती हक्क म्हणून मागता येत नाही. चार भिंतींच्या आत माणूस मेला तर त्या भिंतींच्या धन्याने, भोगवटादाराने आणि त्यांना परवाना देणाऱ्या सत्तेने काय देणे लागते, याचे उत्तर कायद्याने द्यावयाचे असते. आपल्याकडे ते शोकसंदेश देतो. ही उणीव अपघाताने राहिलेली नाही. मालमत्तेच्या रक्षणाचा प्रश्न आला की हाच कायदा किती तत्पर, किती सूक्ष्म आणि किती चिकाटीचा होतो हे पाहिले म्हणजे त्याची खात्री पटते.

याचे पहिले उदाहरण सोलापूरनेच दिलेले आहे. १८७७ साली उत्पादन सुरू केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, १९४९ साली बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. पुढे त्याचाच कायदा झाला. भागधारक न्यायालयात गेले. एका भागधारकाचा अर्ज १९५० च्या डिसेंबरात फेटाळला गेला, परंतु प्रकरण तेथे थांबले नाही. १८ डिसेंबर १९५३ रोजी ‘द्वारकादास श्रीनिवास विरुद्ध सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भरपाई न देता गिरणीचा ताबा घेणे हा मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. हा निर्णय एवढा दूरगामी ठरला की १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निर्णयांमुळे करावी लागली, त्यांत त्याची गणना होते. म्हणजे प्रजासत्ताकाला चार वर्षे पूर्ण होण्याच्या आत सोलापूरच्या गिरणीतील भागाचे मोल देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवून दिले. त्याच सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मेलेल्या माणसाचे मोल सत्तर वर्षांनंतरही सरकारच्या अनुग्रहावर अवलंबून असावे, हा योगायोग म्हणता येईल काय?

मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने गेला, तेव्हा हे जुने उदाहरण उगाळण्यात अर्थ नाही, असे कोणी म्हणेल. मग नवे उदाहरण घ्यावे. १९९८ सालच्या ऑगस्टात दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक गृहस्थ रात्री आपली मारुती झेन गाडी घेऊन आले. गाडी लावण्यासाठी त्यांनी किल्ली हॉटेलच्या नोकराकडे दिली. गाडी चोरीला गेली. किल्ली घेताना दिलेल्या चिठ्ठीवर ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते आणि हॉटेलने त्याच छापील ओळीचा आधार घेतला. विमा कंपनीने गाडीवाल्याला पैसे दिले आणि मग तिनेच हॉटेलविरुद्ध दावा लढविला. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलला जबाबदार धरले. न्यायालयाने सांगितलेले तत्त्व मोलाचे आहे. आपल्या ताब्यात दिलेली वस्तू गेली तर हलगर्जीपणा झाला नाही हे हॉटेलने सिद्ध करावयाचे. हॉटेलची चूक झाली हे सिद्ध करण्याचा भार गाडीवाल्यावर नाही. छापील ओळ दाखवून हलगर्जीपणाची जबाबदारी टाळता येणार नाही.

निर्णय योग्यच आहे. ज्याच्या आवारात, ज्याच्या पहाऱ्यात वस्तू होती त्यानेच ती कशी गेली हे सांगितले पाहिजे, कारण ते सांगण्याची साधने त्याच्याच हाती असतात. परंतु हेच तत्त्व माणसाला लावून पाहावे. रात्रपाळीचा कामगार यंत्रमागाच्या शेडमध्ये येतो. दाराला कुलूप कोणी लावायचे, सूत कोठे रचायचे, विजेची तार कधी बदलायची, मागच्या बाजूला दुसरे दार ठेवायचे की तेथे पोटमाळा काढायचा, यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नसते. त्या मोटारीइतकाच तो दुसऱ्याच्या ताब्यात असतो. तरीही आग लागल्यावर मालकाचा हलगर्जीपणा होता हे फौजदारी न्यायालयात संशयापलीकडे सिद्ध झाल्यावाचून काही हाती लागत नाही. दिवाणी दावा लावण्याची ऐपत यंत्रमाग कामगाराच्या विधवेला नसते. उरतो तो १९२३ चा कामगार भरपाई कायदा आणि कामगार राज्य विमा. भरपाई कायद्याचे तत्त्व चांगले होते: मालकाची चूक असो वा नसो, भरपाई द्यावयाची. तोच नियम आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पण भरपाईचे गणित वेतनावर चालते. मृत्यूसाठी निम्मे मासिक वेतन गुणिले वयानुसार ठरलेला घटक, आणि वेतन कितीही असले तरी गणतीपुरते २०२० पासून १५ हजार रुपयांच्या वर धरावयाचे नाही. २५ वर्षांच्या कामगाराचा घटक २१६.९१ आहे. पूर्ण १५ हजार धरले तर १६ लाख २६ हजारांच्या आसपास रक्कम होते. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, ज्याची मजुरी नगावर आणि रोखीने दिली जाते, त्याचे वेतन सिद्ध कोण करणार? कागदच नसेल तर गणित कशाचे मांडणार? आणि मग पुन्हा अनुग्रहाच्या दारात उभे राहावे लागते.

‘सुरक्षा’ या शब्दाचा अर्थच आपल्या औद्योगिक वसाहतींत कसा बदलला आहे, हे येथे पाहिले पाहिजे. फाटकावर गणवेशातला माणूस, खिडक्यांना जाळी, दाराला शटर, शटरला बाहेरून कुलूप, कोपऱ्यात कॅमेरा, एवढ्याला सुरक्षा म्हणतात. या सर्व साधनांचे तोंड एकाच दिशेला असते: माल बाहेर जाऊ नये. २००५ च्या केंद्रीय खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने खासगी सुरक्षेची जी व्याख्या केली आहे तीत ‘व्यक्ती किंवा मालमत्ता किंवा दोन्ही’ यांचे रक्षण असे शब्द आहेत. व्याख्येत व्यक्ती आधी आहे. व्यवहारात ती शेवटीही नाही. त्या कायद्याखालील २००६ च्या आदर्श नियमांनी पहारेकऱ्यासाठी १०० तासांचे वर्गशिक्षण आणि ६० तासांचे प्रत्यक्ष शिक्षण सांगितले आहे आणि त्यात आग विझविण्याचाही पाठ आहे. शेतीतून उठून आलेल्या, बारा तास उभ्या राहणाऱ्या, कोणत्या एजन्सीने आपल्याला ठेवले आहे हेही धड ठाऊक नसलेल्या वॉचमनपैकी कितीजणांना हे १६० तास मिळाले, याचा शोध कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर पाच मिनिटांत घेता येईल.

महाराष्ट्राला या बाबतीत अज्ञानाचे निमित्त सांगता येणार नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याचा कित्ता गिरवून या राज्याने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. त्याची कल्पना साधी होती. रक्षकाची नोंद मंडळाकडे असावी, मंडळाने त्याला कारखान्याकडे पाठवावे, कारखान्याने वेतन आणि लेव्ही मंडळाकडे भरावी. मधला दलाल नको. एजन्सीवाल्यांनी या कायद्यातून सूट मिळविण्याचा सपाटा लावला, तेव्हा १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, कायद्यातील सूट रक्षकांच्या संदर्भात आणि त्यांचे हित पाहून द्यावयाची आहे; ती एजन्सीला मिळालेली सनद नव्हे. आणि आता? २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत पहारा आणि सुरक्षा यांचा समावेश आस्थापनेच्या ‘मुख्य कामा’त करावयाचा नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. मुख्य काम नसल्यामुळे ते कंत्राटदाराकडे सोपविण्यास मोकळीक. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांना लागू होत. आता त्या ५० पासून लागू होतात. ज्या संहितेच्या नावातच सुरक्षा आहे ती सुरक्षेच्या कामालाच दुय्यम ठरविते!

याचा परिणाम आगीच्या रात्री दिसतो. दाराची किल्ली ज्याच्या हाती आहे तो मालकाचा नोकर नसतो, एजन्सीचा असतो. आत किती माणसे आहेत हे सांगणे त्याचे काम नसते. परवानगीवाचून शटर उघडले आणि सुताचे एक पोते कमी भरले तर त्याचा पगार कापला जाईल, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याला जे राखण्यासाठी ठेवले तेच तो राखतो.

कुलपाचा हा इतिहास जुना आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. चोरी होऊ नये म्हणून एका बाजूचे दार कुलूपबंद ठेवले जाई. मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले, आणि तीन वर्षांनी दिवाणी तडजोडीत प्रत्येक मृतामागे ७५ डॉलर दिले गेले. परंतु त्या आगीनंतर तेथील कामगार चळवळीने कारखान्यांचे कायदे बदलून घेतले. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३८ मध्ये मुळातच लिहिले होते की, खोलीत माणूस असेपर्यंत बाहेर जाण्याचे दार आतून सहज आणि तत्काळ उघडता येणार नाही अशा रीतीने बंद करू नये. म्हणजे जगाने जे १४६ प्रेतांवरून शिकले ते आपल्या कायद्यात स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी आले होते. तरीही ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीत कारखान्यातच झोपलेली ४३ माणसे मेली.

दिल्लीच्याच उपहार चित्रपटगृहाची कथा अधिक उद्बोधक आहे. १३ जून १९९७ रोजी तेथे ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला आग लागली होती आणि बाल्कनीतील वाट जादा खुर्च्यांनी अडविली होती. ज्यांचे प्रेक्षक मेले ती कुटुंबे सुशिक्षित होती, संघटित होती, त्यांनी चिकाटीने लढा दिला. उच्च न्यायालयाने प्रौढांमागे १८ लाख आणि लहानांमागे १५ लाख रुपये ठरविले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अनुक्रमे १० आणि साडेसात लाखांवर आणले, अडीच कोटींचा दंडात्मक भाग २५ लाखांवर आणला, आणि परवाना देणारे पोलीस व महानगरपालिका यांना भरपाईतून मोकळे केले. ८५ टक्के मालकांनी आणि १५ टक्के वीज मंडळाने द्यावे असे ठरले. म्हणजे ज्यांच्या सहीवाचून चित्रपटगृह एक दिवसही चालले नसते, त्यांच्या सहीला जबाबदारी नाही. या देशातील प्रत्येक परवाना अधिकारी तेव्हापासून निर्धास्त झोपत असेल तर त्यात नवल नाही.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप माणुसकीचा आहे आणि म्हणून तो टाळता येत नाही. सोलापूरच्या आगीत मालक स्वतः गेले, त्यांचे नातवंडांपुढचे मूल गेले. तेथे शोषक कोण आणि शोषित कोण? हा प्रश्न खरा आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांना वाटतो त्याच्या उलट आहे. मालक दुष्ट असेल तरच कायदा हवा, ही समजूत चुकीची आहे. जुन्या मिलच्या चिमण्या थंडावल्या, मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि काम छोट्या यंत्रमाग शेडमध्ये विखुरले. जेथे कारखाना, गोदाम आणि घर एकाच आवारात येतात, तेथे वरच्या मजल्यावर झोपणारे मूल आणि खाली रात्रपाळी करणारा कामगार यांच्यामध्ये सुताच्या गठ्ठ्यांखेरीज काही नसते. ही रचना कोणा एकाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ती स्वस्तपणाच्या स्पर्धेतून आली आहे. जो मालक दुसरा जिना बांधील त्याचा टॉवेल चार पैशांनी महाग होईल आणि तो बाजारातून बाहेर फेकला जाईल. सर्वांवर सारखे बंधन घालणारा कायदाच सज्जन मालकाला सज्जन राहू देतो. त्या मुलाचे रक्षणही त्याच कायद्याने झाले असते.

दुसरा आक्षेप छोट्या उद्योगाच्या दारिद्र्याचा. एवढी भरपाई द्यावयाची झाली तर कारखाने बंद पडतील, सोलापुरी चादर आणि टॉवेल ही नावे इतिहासजमा होतील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या आक्षेपाला एक साधा प्रश्न विचारील. आगीचा खर्च आज कोणी करीतच नाही काय? तो होतोच. तो मृताची विधवा करते, शाळा सोडलेला तिचा मुलगा करतो. उत्पादनखर्चाचा हा भाग हिशेबाच्या वहीतून काढून कामगाराच्या घरात टाकला जातो, म्हणून टॉवेल स्वस्त दिसतो. तो खर्च वहीत परत आणण्याचा मार्गही नवा नाही. रिक्षावाल्याच्या ऐपतीचा विचार करून कोणी त्याला विमा माफ करीत नाही. त्रयस्थ विम्यावाचून रस्त्यावर वाहन आणता येत नाही, हे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून आपण मान्य केले आहे. भोपाळनंतर १९९१ साली घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा झाला, परंतु त्या कायद्याच्या दायित्वातून ‘कामगार’ वगळले गेले आणि कापसाच्या तंतूंनी भरलेली शेड तर घातक मानलीच गेली नाही. १९८६ साली श्रीराम कंपनीच्या वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निरपवाद दायित्वाचे तत्त्व मांडले, तेही घातक उद्योगापुरतेच. ठिणगी पडताच पेट घेणाऱ्या सुताच्या ढिगाशेजारी, रात्री, एकाच दारामागे माणसे ठेवणे याहून घातक काय असते?

तिसरा आक्षेप ‘इन्स्पेक्टर राज’चा. निरीक्षक येतो, पाकीट घेतो आणि जातो, म्हणून निरीक्षकच नको, असा हा युक्तिवाद आहे. वैद्य लाच घेतो म्हणून रुग्णालये बंद करावीत, असे मात्र कोणी म्हणत नाही. नव्या संहितेने निरीक्षकाला ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असे नाव दिले आहे. यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. महाराष्ट्राने तर ही मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीनेच वाढविली होती. यंत्रमाग धंद्यात एकच शेड बाप, भाऊ आणि मुलगे यांच्या नावे विभागून कायद्याच्या मर्यादेखाली ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. आता तिचीही फारशी गरज उरलेली नाही. आगीपुरते बोलावयाचे तर २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र सादर करावे असे सांगितले आहे. ही एजन्सी मालकच निवडतो आणि तिचे शुल्कही मालकच देतो. परीक्षार्थ्याने परीक्षक नेमावा, अशी ही व्यवस्था आहे.

तेव्हा मागणी काय असावी? पहिली, जेथे माणसे काम करतात किंवा झोपतात अशा प्रत्येक औद्योगिक जागेसाठी विमा सक्तीचा करावा आणि विमापत्रावाचून वीजजोडणी मिळू नये. दारे, जिने, तारा सुरक्षित असतील त्याचा हप्ता कमी. म्हणजे सुरक्षितता हाच किफायतीचा मार्ग ठरेल. दुसरी, जळालेल्या जागेचा मालक, भोगवटादार आणि काम देणारा यांची जबाबदारी संयुक्त असावी आणि काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर असावा. मोटारीला जो नियम २०१९ साली मिळाला तो माणसाला मिळावा, एवढेच हे मागणे आहे. तिसरी, अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र देणारी एजन्सी सरकारने नेमावी, तिचे शुल्क सामाईक निधीतून द्यावे, आणि प्रमाणपत्र मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या सोलापूरच्या चारही भाषांत फाटकावर लावावे. चौथी, रात्रीचा पहारेकरी १९८१ च्या कायद्याखालील मंडळाचा असावा आणि धोक्याच्या वेळी कोणालाही न विचारता दार उघडण्याचा त्याचा हक्क लेखी असावा. पाचवी, परवाना देणाऱ्या संस्थेला भरपाईत वाटा उचलावा लागेल असा स्पष्ट कायदा करावा.

या मागण्या कोण करणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तेथे डाव्या चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. मजुरीदर, बोनस, महागाईभत्ता यांसाठी लढे झाले, ते आवश्यक होते. पण दाराच्या कुलपासाठी संप झाला असे फारसे ऐकिवात नाही. जेथे संघटित मागणी झाली तेथे फळ आले आहे. असंघटित कामगारांच्या संघटनेने वर्षानुवर्षे धरलेल्या आग्रहातून कुंभारीजवळ रे नगर उभे राहिले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी १५ हजार घरांचा ताबा कामगारांना मिळाला. ज्याला स्वतःचे घर आहे तो मागांच्या शेजारी पथारी टाकीत नाही. घर ही देखील अग्निसुरक्षाच आहे. जी संघटनाशक्ती घरासाठी उभी राहिली तीच दारासाठी उभी राहू शकते. प्रत्येक शेडमधील रात्रपाळीच्या कामगारांनी पहिला प्रश्न एवढाच विचारावा: किल्ली कोणाजवळ आहे? ती आतल्या माणसाजवळ येईपर्यंत मागणी सोडू नये.